नंबर बदलला, मग फेरफार कुठाय?

गेल्या रविवारी कपाट आवरायला घेतलं. (दर दिवाळीला घेतो, पूर्ण होत नाही, मग असं मधेच कधीतरी झटका येतो.) सगळ्यात खालच्या खणात, जुन्या मोबाईलचे चार्जर आणि कुठल्यातरी कॉन्फरन्समध्ये मिळालेल्या पिशव्या यांच्याखाली एक प्लॅस्टिकचं फोल्डर निघालं. आत दोनच कागद, एकमेकांना स्टेपल केलेले. दोन्हींवर एकाच प्रोजेक्ट प्लॅनचं एकच पान. वरच्यावर सोमवारची तारीख, खालच्यावर त्याच आठवड्यातल्या गुरुवारची. साल २००८. आणि दोन्हींवर पेन्सिलीने एकेका ओळीला गोल केलेला.

हे कागद मी इतकी वर्षं टाकून का दिले नाहीत, ते आज सांगतो. वरवर पाहिलं तर गोष्ट एमएस प्रोजेक्टमधल्या नंबरांची आहे. तेवढीच असती तर बरं झालं असतं.

तर २००८ साली मी नुकताच लीड झालो होतो. हिंजवडीत ऑफिस, टीम सहा जणांची, क्लायंट परदेशातला. काम म्हणजे त्यांच्या जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये नेणं. लीड झाल्याचा पुरावा म्हणून माझ्या मशीनवर एमएस प्रोजेक्ट टाकून दिलं होतं. ते फक्त माझ्याकडेच, बाकी कुणाकडे लायसन्स नाही. मी प्लॅन करायचो आणि दर सोमवारी त्याचे प्रिंटआऊट टीमला वाटायचो. तीनशेच्या वर कामं, आणि प्रत्येकाला कसा छान कोड: ४, मग ४.३, मग ४.३.२. हा कोड म्हणजे डब्ल्यूबीएस, वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर. मोठ्या कामाचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या कोडातच त्याच्या बापाचा आणि आजोबाचा पत्ता.

ही कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांची नाही बरं का. अमेरिकेचं संरक्षण खातं आणि नासा यांनी १९६२ मध्ये पर्ट-कॉस्टची मार्गदर्शिका काढली, त्यात हे तुकडे पाडणं आहे. १९६८ मध्ये अमेरिकन लष्कराने त्याचं रीतसर स्टँडर्ड केलं, मिल-स्टँडर्ड ८८१. म्हणजे क्षेपणास्त्रं आणि विमानं बनवणाऱ्यांकडून हे आपल्याकडे आलं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की कॉलवर "फोर पॉइंट थ्री पॉइंट टू इज डन" असं म्हटलं की आपण फार मोठे प्रोजेक्ट मॅनेजर वाटतो. :)

हळूहळू टीमला सवयच लागली. कामाचं नाव कुणी घेईनासं झालं. "४.२.६ अडकलंय", "२.१.१ तू बघ". लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, लॉटरीचा निकाल चाललाय.

टीममध्ये एक सांगलीचा मुलगा होता. कॉलेज संपवून वर्षही झालं नव्हतं. त्याला आपण सांगलीकर म्हणू. सुरुवातीला मला 'सर' म्हणायचा, 'सर नको म्हणूस रे' म्हटल्यावर 'दादा' म्हणायला लागला. कामाला वाघ. त्याचं नाव क्लायंटकडे तीन महिन्यांसाठी पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. घरी सांगून बसला होता. आईने म्हणे शेजारीपाजारी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

आता ते दोन कागद. सोमवारच्या कागदावर असं होतं:

४.३.१ डेटा लोड करणे
४.३.२ जुळणी तपासणे
४.३.३ बॅकअप घेणे
४.३.४ स्टेजिंग टेबल्स रिकामी करणे

गुरुवारी क्लायंटचा फोन आला. जुळणीच्या आधी ग्राहकांची नावं-पत्ते झाकायचे, म्हणजे मास्किंग करायचं. मी प्लॅन उघडला, ४.३.१ च्या खाली एक ओळ घातली, नाव टाईप केलं, सेव्ह केलं. दहा सेकंदांचं काम. आणि खालचे नंबर आपोआप पुढे सरकले:

४.३.१ डेटा लोड करणे
४.३.२ मास्किंग करणे
४.३.३ जुळणी तपासणे
४.३.४ बॅकअप घेणे
४.३.५ स्टेजिंग टेबल्स रिकामी करणे

नंबर आपोआप सरकले याचं मला कौतुकच वाटलं होतं. नवीन प्रिंट काढली, माझ्या टेबलावर ठेवली. टीमला वाटणार होतोच की सोमवारी.

त्याच आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून शुक्रवारी मी लवकर घरी आलो. रात्री साडेनऊला सांगलीकरचा फोन. माझ्यासमोर लॅपटॉपवर नवा प्लॅन उघडा. त्याच्यासमोर सोमवारचा कागद.

"दादा, ४.३.३ झालंय ना?"

"झालंय रे, दुपारीच झालंय. आता ४.३.४ करून टाक आणि घरी जा. बस चुकेल."

"करतो."

बघा हं. त्याने विचारलं, बॅकअप झाला का? मी ऐकलं, जुळणी झाली का? जुळणी झाली होती, मी हो म्हटलं. मग मी सांगितलं, आता बॅकअप घे. त्याने ऐकलं, आता टेबल्स रिकामी कर. दोघंही अगदी स्पष्ट बोललो, दोघांनाही काही शंका आली नाही, लाईनही खणखणीत होती. त्याने टेबल्स रिकामी केली आणि शेवटची बस पकडून घरी गेला. चार जणांनी तीन दिवस बसून हाताने केलेल्या दुरुस्त्या त्या टेबलांमध्ये होत्या. बॅकअप कुठेच नव्हता.

शनिवारी सकाळी कॉल. क्लायंट, आमचे मॅनेजर, मी. काय झालं विचारल्यावर मी म्हणालो, "बॅकअपच्या आधी टेबल्स रिकामी झाली. नवीन मुलगा आहे. पुन्हा होणार नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी नंतर कितीतरी वेळा तपासून पाहिलंय.

शनिवार-रविवार सगळी टीम ऑफिसात. पुन्हा लोड, पुन्हा मास्किंग, पुन्हा जुळणी. सांगलीकर कुणाशी बोलत नव्हता. सोमवारी सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात दोन कागद. एक त्याचा, एक माझ्या टेबलावरून उचललेला. दोन्हींवर ४.३.४ ला पेन्सिलीने गोल.

"दादा, तुम्ही बरोबर बोलत होतात," तो म्हणाला. "आणि मी पण."

कागद त्याने आणखी कुणाला दाखवले नव्हते. माझ्यासमोर ठेवले आणि जागेवर जाऊन बसला.

मी काय केलं? कागद ड्रॉवरमध्ये ठेवले.

आता जरा तांत्रिक. कंटाळा येत असेल तर सोडून द्या, पण इथेच खरी मेख आहे.

एमएस प्रोजेक्टमध्ये एका कामाला चार वेगवेगळे नंबर असतात आणि चारही 'त्या कामाचा नंबर' वाटतात. पहिला आयडी, म्हणजे डाव्या कडेचा ओळ क्रमांक. वर ओळ घातली की तो बदलतो. दुसरा आऊटलाईन नंबर, ४.३.४ असा. तो रचनेवरून निघतो, हाताने बदलता येत नाही, ओळ हलली की हाही हलतो. तिसरा डब्ल्यूबीएस. तुम्ही काहीच केलं नाहीत तर तो आऊटलाईन नंबराची हुबेहूब नक्कल असतो, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतात. चौथा युनिक आयडी. एरवी तो कॉलम दिसतही नाही, मुद्दाम आणावा लागतो. ओळ वर न्या, खाली न्या, मधे पन्नास ओळी घाला, तो आपला तोच राहतो.

म्हणजे पहिले दोन, आणि हात न लावलेला तिसरा, हे नंबर नव्हेतच. ती जागा आहे. बँकेच्या रांगेत तुम्ही चौथे उभे असाल तर 'चौथा' हे तुमचं नाव होत नाही. पुढे कुणी घुसलं की तुम्ही पाचवे. आम्ही मात्र रांगेतल्या जागेलाच नाव समजून एकमेकांना हाका मारत होतो.

गंमत म्हणजे सॉफ्टवेअरचा स्वतःचा गोंधळ होत नाही. कोणतं काम कोणाच्या नंतर, ही प्रेडिसेसरची जोडणी ओळ घातल्यावर बरोबर राहते. त्या कॉलममधले आकडेही आपोआप बदलतात. शाळेत जीडब्ल्यू-बेसिक शिकलेल्यांना आठवत असेल. ओळींना १०, २०, ३० असे नंबर द्यायचे, मधे जागा ठेवायची. जागा संपली की रीनम म्हणायचं. सगळ्या ओळींना नवे नंबर मिळायचे आणि प्रोग्रॅममधल्या गोटूंचे नंबरही त्याप्रमाणे बदलायचे. वहीत लिहून ठेवलेला प्रोग्रॅम मात्र जुनाच राहायचा. आमचंही तेच झालं होतं. फाईलमधले सगळे संदर्भ बदलले होते. बदलला नव्हता तो सांगलीकरच्या हातातला कागद.

मंगळवारी संध्याकाळी घरी बसलो होतो. बाबा डोळ्यांना काळा चष्मा लावून कोचावर. वाचायला बंदी, टीव्हीला बंदी, त्यामुळे त्यांना बोलायला माणूस हवा होता. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. बाबा तलाठी होते, नोकरीची सगळी वर्षं खेड्यापाड्यांत. एमएस प्रोजेक्ट म्हणजे काय ते त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. पण ४.३.४ चं रामायण त्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

"अरे, म्हणजे आमचं एकत्रीकरणच की," ते म्हणाले.

ज्यांचं गावाकडे काही नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीला पूर्वी सर्व्हे नंबर असायचा, वाटण्या झाल्या की त्याला पोटहिस्से. म्हणजे ११२ चे ११२/१, ११२/२, मग पुढच्या पिढीत ११२/२अ. आपला डब्ल्यूबीएसच. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. काल ११२/२ असलेलं शेत आज गट ४०७. शेत तेच, बांधावरची बाभूळ तीच.

"नंबर बदलला की शेतकऱ्याची वाट लागते का? नाही," बाबा म्हणाले. "लेखी नोंद असते, जुना अमुक, त्याचा नवा तमुक. ती नोंद हरवली की वाट लागते. माझ्या सज्जात एक म्हातारा होता. त्याच्याकडच्या कर्जाच्या कागदांवर जुना नंबर, सातबाऱ्यावर नवा. मधला कागद सापडेना. किती हेलपाटे घातले असतील त्याने. तू गुरुवारी नंबर बदललास ना? मग फेरफार कुठाय?"

फेरफार. गाव नमुना सहा. हक्कात काही बदल झाला की तलाठी आधी तिथे नोंद घालतो. मग ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस. हरकत घ्यायला मुदत. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर बदल. मी ऐकत राहिलो. चेंज लॉग, नोटिफिकेशन, रिव्ह्यू, अॅप्रूव्हल. आम्ही ज्याला प्रोसेस म्हणून ट्रेनिंग देतो ते सगळं त्या जाडजूड बाडात होतं. आणि मी? मी दहा सेकंदांत ओळ घालून सेव्ह केलं होतं. नोंद नाही, नोटीस नाही.

थोडा वेळ गप्प बसून बाबांनी विचारलं, "त्या पोराचं काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही, थोडं बोलणं खाल्लं.

"नोंद ज्याने चुकवली त्यानेच वर कळवायचं असतं," ते म्हणाले. "शेतकऱ्याने का हेलपाटे घालायचे?"

असं ऐकल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मॅनेजरकडे जातो, असं सिनेमात होतं. मी बुधवारी गेलो नाही. एक मीटिंग होती. मग दुसरी होती. गुरुवारी गेलो, दोन्ही कागद पुढे ठेवले, सगळं सांगितलं. मॅनेजरने शांतपणे ऐकलं. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण क्लायंटकडे जाणाऱ्यांची नावं काल पाठवली रे. त्याचं काढलं होतं. आता परत नाही बदलता येणार."

काल. म्हणजे बुधवारी.

सांगलीकरला मी त्याच दिवशी सांगितलं. तो "ठीक आहे दादा" म्हणाला. पुढच्या अप्रेझलनंतर त्याने कंपनी सोडली. त्याचं चांगलं चाललंय, दिवाळीला न चुकता मेसेज येतो. हा विषय त्याने कधी काढला नाही. मीही काढला नाही. त्याच्या आईने शेजाऱ्यांना काय सांगितलं असेल, हे मात्र मला अधूनमधून आठवतं.

आता मी काय करतो ते सांगून टाकतो. तुमच्यापैकी कुणाच्या मशीनवर उद्या पहिल्यांदा प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर येईल, त्याला उपयोग होईल.

प्लॅन कच्चा असतो तोवर नंबर हवे तसे पळू देतो. कुणीही नंबराने बोलायचं नाही, फक्त नावाने. प्लॅन पक्का झाला, बेसलाईन घेतली, की प्रोजेक्ट टॅबमधल्या डब्ल्यूबीएसमध्ये जाऊन डिफाईन कोड. तिथे प्रोजेक्टची दोन-तीन अक्षरं पुढे लावायची आणि प्रत्येक पातळीला काय हवं ते ठरवायचं: आकडा की अक्षर, किती लांबीचं, मधे टिंब की रेघ. 'नवीन कोड एकमेव आहे का ते तपासा' ही खूण तशीच ठेवायची. असा स्वतःचा कोड ठरवला की तो आऊटलाईन नंबराच्या मागे फरफटत जात नाही. मधे ओळ घातली तर तिला त्या गटातला पुढचा नंबर मिळतो. म्हणजे ४.३.१ च्या खाली ४.३.५ दिसतं, मग ४.३.२. दिसायला वाईट दिसतं. दिसू दे. नेमकी तीच खूण आहे की हे काम नंतर आलंय.

शेजारीच रीनंबर नावाचं बटण आहे. सगळे नंबर पुन्हा ओळीने सुंदर लावून देतं. बेसलाईननंतर त्याला हात लावायचा नाही. हात शिवशिवतात, माहितीये मला. आणि काढून टाकलेल्या कामाचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, मेलेल्या नंबराला मेलेलंच राहू द्यायचं. आजकाल बरेच जण जिरा वापरता, त्यात ही शिस्त आयतीच मिळते. डिलीट केलेल्या तिकिटाचा नंबर पुन्हा येत नाही, आणि तिकीट दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हलवलं तरी जुन्या नंबराची लिंक नव्या जागी नेऊन सोडते. फेरफार आतच आहे म्हणा ना.

एक मर्यादा मात्र राहतेच. कामाचा बाप बदलला, म्हणजे ४.३ खालचं काम ५.१ खाली नेलं, तर कोड बदलणार. बदलायलाच हवा, कारण कोडातच बापाचा पत्ता आहे. म्हणून दुसऱ्या एखाद्या सिस्टिमशी जोडणी असेल तर युनिक आयडी वापरतो. सरकारलाही हे पटलेलं दिसतंय, आता सातबाऱ्यावर भू-आधार म्हणून वेगळा क्रमांक असतो.

आणि शेवटचं. प्लॅनबरोबर एक साधी एक्सेल शीट ठेवतो. तारीख, जुना कोड, नवा कोड, कामाचं नाव, कुणाकुणाला कळवलं. त्या शेवटच्या रकान्यात "सगळ्यांना" असं लिहिलेलं मला चालत नाही, नावं लागतात. शीटचं नाव 'फेरफार'. नवीन मुलं हसतात, नॉन-मराठी मुलं विचारतात काय अर्थ. मी त्यांना शेताची गोष्ट सांगतो. टेबलांची सहसा सांगत नाही.

फोनवर कुणी म्हणालं "४.३.४ करू का?", तर मी आधी विचारतो, "म्हणजे कोणतं?" लोकांना वाटतं, वय झालं, विसरायला लागलाय.

असो. कपाट अर्धंच आवरून झालं. चार्जर टाकून दिले, पिशव्या टाकून दिल्या. फोल्डर परत त्याच खणात ठेवलंय.